चोक-इनपुट एचटी सप्लाय: पीआयव्ही पुरेसा असूनही डायोड का उडतात?

मुलुंड_८१३

नमस्कार मंडळी. दोन ८१३ व्हॉल्व्हच्या एचएफ लिनिअरसाठी (हॅम रेडिओच्या पॉवर ॲम्प्लिफायरसाठी) एचटी, म्हणजे हाय टेन्शन डीसी सप्लाय आहे. माहिती अशी:

ट्रान्सफॉर्मर २३० ते २००० व्होल्ट, अंदाजे एक केव्हीए. सेकंडरीला मधला टॅप नाही, म्हणून चार हातांचा ब्रिज रेक्टिफायर. ब्रिजच्या प्रत्येक हातात चार १एन४००७ डायोड, म्हणजे हाताला ४००० व्होल्ट पीआयव्ही (डायोड झेलतो ते कमाल उलटं व्होल्टेज). पुढे प्लसच्या तारेत १० हेन्री, ४०० मिलिअँपिअरचा चोक (करंटचा बदल अडवणारी कॉइल). मग २२० मायक्रोफॅरड ४५० व्होल्टचे सहा इलेक्ट्रोलिटिक सिरीजमध्ये, प्रत्येकाला समांतर १८ किलोओहम. हाच ब्लीडर (कायम थोडा करंट घेणारा आणि बंद केल्यावर कपॅसिटर रिकामे करणारा रेझिस्टर), वेगळा नाही. २० मिमीचा एक एमओव्ही (व्होल्टेज मर्यादेवर गेलं की वाहू लागणारा व्हॅरिस्टर) आहे, सॉकेटमधून आत येणाऱ्या लाइनवर, स्विचच्या आधी. सॉफ्ट स्टार्ट नाही. फिलामेंटचा ट्रान्सफॉर्मर वेगळा.

रीडिंग: की-डाउनला (ट्रान्समिट करताना) ३५० मिलिअँपिअर घेताना १७२० व्होल्ट. स्टँडबायला २६५० व्होल्ट. सेकंडरी उघडी ठेवली तर प्रायमरीत ०.७ अँपिअर.

लोडवर डायोड कधीच जात नाहीत. स्टँडबायमधून मेन स्विच बंद केला की जातात, आणि पुढच्या वेळी चालू करताना फ्यूज उडतो तेव्हाच कळतं. उघडून पाहिलं की एकाच हातातले दोन-तीन शॉर्ट निघतात, कधी चारही.

२००० व्होल्टचं शिखर २८२८. त्यावर ४००० ची सोय आहे, म्हणजे दीडपटीला थोडं कमी. हातात आठ-आठ डायोड लावले की भागेल का? प्रत्येकाला ४७० किलोओहम आणि ०.०१ मायक्रोफॅरड लावावे का?

---

लॅमिंग्टन_फेरी

भागेल. चारचे आठ करा आणि १एन४००७ ऐवजी १एन५४०८ घ्या. तो तीन अँपिअरचा आहे आणि सर्ज ३० च्या जागी २०० अँपिअर झेलतो. प्रत्येकाला ४७० किलोओहम अर्धा वॅट आणि ०.०१ मायक्रोफॅरड एक केव्हीची डिस्क लावली की विषय संपला. डायोड काही महाग नाहीत.

---

जुना_ट्रान्समीटर

आठ डायोड लावाच, पण तेवढ्यावर विषय संपत नाही. आज जे चार डायोडला होतंय ते उद्या आठला होईल, फक्त थोडं उशिरा. उडण्याची वेळ बघा: लोडवर नाही, स्टँडबायमध्ये स्विच बंद करताना. सगळं उत्तर त्या एका ओळीत आहे.

स्विच उघडतो तेव्हा ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात मॅग्नेटायझिंग करंटची ऊर्जा अडकलेली असते. तुमचे ०.७ अँपिअर म्हणजे शिखराला ढोबळ एक अँपिअर. प्रायमरीचं इंडक्टन्स त्यावरून एक हेन्रीच्या आसपास येतं. अर्धा गुणिले एल गुणिले आय वर्ग, म्हणजे अर्धा जूल. आकडा किरकोळ वाटतो. पण ही ऊर्जा जायला जागा लागते. कपॅसिटर-इनपुट सप्लायमध्ये डायोडच्या पाठीला थेट फिल्टर कपॅसिटर असतो. स्पाइक (व्होल्टेजची क्षणिक उसळी) वर चढला की डायोड पुढच्या दिशेने चालू होतात, अर्धा जूल त्या कपॅसिटरमध्ये ओतला जातो आणि मीटरचा काटा हलतसुद्धा नाही. तिथे बिनसंरक्षणाचे डायोड वर्षानुवर्षं टिकतात ते यामुळे, डायोडच्या थोरवीमुळे नाही.

चोक-इनपुटमध्ये तो कपॅसिटर चोकच्या पलीकडे आहे. एवढ्या कमी वेळात चोक त्या करंटला पलीकडे जाऊच देत नाही. मग अर्ध्या जूलच्या वाट्याला उरतं ते वाइंडिंगचं आणि डायोडचं स्वतःचं कपॅसिटन्स. समजा ते सगळं मिळून १००० पिकोफॅरड. अर्धा जूल त्यात घातला तर गणिताने ३१ हजार व्होल्ट येतात. प्रत्यक्षात तेवढे होत नाहीत, कारण गाभ्यातला लॉस आणि स्विचमधली ठिणगी बरंच खाते. पण त्याआधी डायोडचा हात फुटतो. ज्या डायोडची रिव्हर्स क्षमता सगळ्यात कमी तो पहिला जातो, त्याचा वाटा उरलेल्या तिघांवर पडतो आणि मग ओळीने. एकाच हातातले तीन-चार शॉर्ट मिळतात ते म्हणून.

आता लोडवर स्विच बंद केला तर का जात नाहीत? तेव्हा चोकमध्ये ३५० मिलिअँपिअर वाहत असतो. पुरवठा तुटला तरी चोक तो करंट चालू ठेवतो आणि तो ब्रिजच्या चारही डायोडमधून फिरतो. चारही डायोड चालू म्हणजे सेकंडरी जवळपास शॉर्ट झालेली. तुमचा एक अँपिअरचा मॅग्नेटायझिंग करंट सेकंडरीकडून पाहिला तर ११५ मिलिअँपिअर, म्हणजे चोकच्या करंटपेक्षा कमी. तो त्याच वर्तुळात फिरत फिरत मरतो, स्पाइक उठतच नाही. स्टँडबायला मात्र तुमच्या ब्लीडरमधून जेमतेम २५ मिलिअँपिअर जातो. ११५ ला २५ कसे धरून ठेवणार?

म्हणजे ब्लीडर अपुरा असणं हा डायोडचाही प्रश्न आहे, नुसता रेग्युलेशनचा नाही. तसे २६५० व्होल्ट स्वतः बोलताहेतच. चोक खऱ्या अर्थाने चोक-इनपुट म्हणून चालत असेल तर सेकंडरीच्या ०.९ पट, म्हणजे १८०० व्होल्ट दिसायला हवेत. तुमचा सप्लाय स्टँडबायला कपॅसिटर-इनपुट होऊन शिखराकडे पळतोय. आपल्या ५० हर्ट्झला किमान करंट काढायचा सोपा हिशेब: व्होल्ट भागिले हेन्री, गुणिले १.०६, उत्तर मिलिअँपिअरमध्ये. अमेरिकन पुस्तकांत १.०६ नसतो कारण त्यांची लाइन ६० हर्ट्झची. १८०० भागिले १० म्हणजे १८०, वर थोडे, १९० मिलिअँपिअर. तुमच्याकडे त्याच्या सातव्या हिश्शाएवढाच आहे.

आणि २६५० व्होल्ट तुम्ही सहा ४५० च्या कपॅसिटरवर, म्हणजे २७०० व्होल्टच्या बँकेवर टाकताय. लाइन २३० ची २५३ झाली, म्हणजे दहा टक्के वाढली, तर शिखर ३११० होतं. डायोडच्या आधी कपॅसिटर फुटले नाहीत हे नशीब.

उपाय, माझ्या मते महत्त्वाच्या क्रमाने.

पहिला आणि सगळ्यात स्वस्त: एमओव्हीची जागा बदला. स्विचच्या आधीचा एमओव्ही फक्त बाहेरून येणारे स्पाइक बघतो. स्विच उघडल्यावर ट्रान्सफॉर्मर एका बाजूला आणि एमओव्ही दुसऱ्या बाजूला, मग तो करणार काय? तो थेट प्रायमरीच्या दोन टोकांवर पाहिजे, मध्ये स्विच, रिले, फ्यूज काहीही नको. २०डी४३१ घ्या, २७५ व्होल्ट एसीचा. एक मिलिअँपिअरला तो ४३० व्होल्ट धरतो, एक अँपिअरला पाचशेच्या जरा वर. ट्रान्सफॉर्मरचं प्रमाण ८.७, म्हणजे सेकंडरीला स्पाइक साधारण साडेचार हजारांवर थांबेल. अर्धा जूल म्हणजे या एमओव्हीला चटणीएवढासुद्धा नाही. बाहेरच्या स्पाइकसाठीचा आधीचा एमओव्ही तिथेच राहू द्या, हा दुसरा घ्या. फ्यूज दोन्हींच्या आधी हवा, कारण एमओव्ही मरताना शॉर्ट होऊन मरतो.

साडेचार हजार हा आकडा तुमच्या चार डायोडच्या ४००० पेक्षा जास्त आहे हे लक्षात आलं असेल. आठ डायोड लागतात ते इथे. आधी स्पाइकला छत घालायचं, मग छताच्या वर डायोडची उंची ठेवायची. नुसती उंची वाढवत नेली तर स्पाइकही मागोमाग चढतो.

दुसरा: ब्रिजच्या प्लसवरून मायनसवर, चोकच्या आधी, आर-सी स्नबर (स्पाइक शोषणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी). ०.०८ मायक्रोफॅरडसोबत एक किलोओहम. तोच अर्धा जूल ०.०८ मध्ये घातला तर साडेतीन हजार व्होल्ट होतात, एकतीस हजार नव्हे. शिवाय व्होल्टेज चढण्याचा वेग बघा: १००० पिकोफॅरडवर ११५ मिलिअँपिअर म्हणजे मायक्रोसेकंदाला ११५ व्होल्ट, स्नबरवर मायक्रोसेकंदाला दीड व्होल्टसुद्धा नाही. इतक्या सावकाश चढणाऱ्या व्होल्टेजमध्ये सिरीजमधले डायोड वाटा बऱ्यापैकी समान घेतात. एक किलोओहमच का? अशा ट्रान्सफॉर्मरचं लीकेज इंडक्टन्स (एका वाइंडिंगमधून दुसऱ्यात न पोचणाऱ्या फ्लक्सचं) सेकंडरीकडून ०.१ हेन्री धरलं तर ०.०८ मायक्रोफॅरडसोबत वर्गमूळ एल बाय सी साधारण १.१ किलोओहम येतं. रेझिस्टर त्याच्या आसपास असला की रिंगिंग पटकन मरतं.

स्नबरचा कपॅसिटर 'जास्त बरा' म्हणून एक मायक्रोफॅरडचा लावू नका. तो दोन शिखरांच्या मधल्या १० मिलिसेकंदांत व्होल्टेज धरून ठेवू लागतो आणि सप्लाय पुन्हा कपॅसिटर-इनपुटकडे सरकतो. ०.०५ ते ०.१५ मध्ये राहा.

तिसरा: ब्लीडर आणि बँक. बँक आठ कपॅसिटरची करा, म्हणजे ३६०० व्होल्ट, एकूण २७.५ मायक्रोफॅरड. प्रत्येक कपॅसिटरवर ५.६ किलोओहम २५ वॅटचे दोन-दोन समांतर. एकूण २२.४ किलोओहम, १८०० व्होल्टला ८० मिलिअँपिअर, प्रत्येक रेझिस्टरमध्ये नऊ वॅट. दोन-दोन अशासाठी की एक उघडला तरी त्या कपॅसिटरला दुसरा सांभाळतो. एकूण उष्णता १४५ वॅट, पंख्याच्या वाऱ्यात ठेवा आणि इलेक्ट्रोलिटिकपासून दूर.

८० मिलिअँपिअरला १० हेन्री पुरणार नाही, त्याला स्विंगिंग चोक लागतो: कमी करंटला २५ हेन्री, पूर्ण लोडला ५. २५ हेन्रीला किमान करंट ७६ येतो, म्हणजे काठावर बसतं. तुमच्या चोकची एअर गॅप किती आहे ते बघा. गॅपमधला कागद पातळ करून कमी करंटचं इंडक्टन्स वाढवता येतं. जास्त करंटला ते पडतं, पण तिथे गरजही कमी असते.

चौथा: सॉफ्ट स्टार्ट. प्रायमरीत ४७ ओहम ५० वॅट, दीड-दोन सेकंदांनी रिलेने शॉर्ट. चोक आणि कपॅसिटर मिळून झोका आहे. एकदम ढकललात तर पहिला झोका १८०० च्या बराच वर जातो. सध्याच्या तुमच्या १० हेन्री आणि ३६.७ मायक्रोफॅरडला वर्गमूळ एल बाय सी ५२० ओहम. म्हणजे चालू करताना चोकमधून तीन अँपिअरच्या वर जायचा प्रयत्न होतो. ४०० मिलिअँपिअरचा चोक त्याआधीच सॅच्युरेट होतो आणि त्या क्षणी डायोडसमोर नुसता कपॅसिटर उरतो. ४७ ओहम सेकंडरीकडून बघितले तर साडेतीन किलोओहम होतात, झोका पूर्ण दाबला जातो.

---

वसई_शॅक

छान माहिती. दोन शंका. रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड लावतो तसा चोकवर उलटा डायोड लावला तर स्नबर, एमओव्ही यातलं काहीच लागणार नाही ना? आणि यूएफ४००७ सारखे फास्ट डायोड वापरले तर?

---

जुना_ट्रान्समीटर

चोकवर उलटा डायोड अजिबात नको. रिलेच्या कॉइलवर एरवी एकाच दिशेचं व्होल्टेज असतं, म्हणून तिथे तो डायोड बंद बसून राहतो. चोकवर तसं नाही. बाहेरच्या टोकाला सपाट १८०० आहेत, आतल्या टोकाला दर १० मिलिसेकंदांनी शून्य ते २८२८ चा डोंगर. म्हणजे चोकवर कधी अधिक १०२८, कधी उणे १८००. उणे असताना तुमचा उलटा डायोड चालू होणार, चोकचा करंट स्वतःतच फिरणार, आणि चोक असून नसल्यासारखा. व्होल्टेज वर पळेल, ट्रान्सफॉर्मर तापेल. करंट फिरायला लागणारी वाट ब्रिजने आधीच दिलेली आहे, वर सांगितलं तेच. चोकच्या इन्सुलेशनची काळजी असेल तर चोकवर २०डी१०२ चार सिरीजमध्ये लावा. ते एक मिलिअँपिअरला ४००० व्होल्ट, म्हणजे रोजच्या १८०० ला झोपलेले राहतात.

यूएफ४००७ चा फायदा वेगळा आहे. दर झिरो क्रॉसिंगला करंट एका जोडीतून दुसऱ्या जोडीत जातो. जाणारा डायोड क्षणभर उलटा वाहतो आणि मग झटकन बंद होतो, त्या झटक्याने लीकेज इंडक्टन्स रिंग करतं. रिसीव्हरमध्ये १०० हर्ट्झची खरखर ऐकू येते ती ही. यूएफ४००७ चा रिकव्हरी टाइम ७५ नॅनोसेकंद, त्यामुळे साठलेला चार्ज कमी आणि खरखर कमी. पण मेन बंद करताना उठणाऱ्या स्पाइकशी त्याचा संबंध नाही. तो स्पाइक ७५ नॅनोसेकंदवाल्यालाही तसाच मारतो. एक तासभर रिव्हर्स चार्जवर वाद घालायचा आणि एमओव्ही स्विचच्या चुकीच्या बाजूला ठेवायचा, असं बऱ्याच ठिकाणी दिसतं.

खरंच चांगले डायोड हवे असतील तर कंट्रोल्ड ॲव्हलांश जातीचे घ्या, बीवायव्ही२६ई वगैरे. ते मर्यादेवर पोचले तर थोडी ऊर्जा पोटात घेतात, १एन४००७ ला तशी हमी नाही.

---

गिरगाव_एचएफ

वरचं बहुतेक मान्य. दोन-तीन ठिकाणी माझं मत जरा निराळं आहे.

लॅमिंग्टन_फेरी यांनी सांगितलेले ४७० किलोओहम अर्धा वॅट: वॅटेजचा प्रश्न नाही, व्होल्टेजचा आहे. चार डायोडच्या हातात प्रत्येकावर ७०० व्होल्ट शिखर येतं, आणि साध्या अर्ध्या वॅटच्या कार्बन फिल्म रेझिस्टरची व्होल्टेज मर्यादा ३५० च्या आसपास असते. कालांतराने त्यांची किंमत सरकते, एकाची वर, एकाची खाली, आणि जो समतोल राखायला लावले तोच बिघडतो. आठ डायोड केलेत तर प्रत्येकाच्या वाट्याला ३५० व्होल्ट, रेटिंगच्या जवळपास तिसरा हिस्सा. एकाच रोलमधले डायोड असतील तर रेझिस्टर लागतच नाहीत. लावायचेच असतील तर प्रत्येक जागी दोन सिरीजमध्ये.

०.०१ च्या डिस्क: आठ सिरीजमध्ये म्हणजे हाताला १२५० पिकोफॅरड, बंद असलेले दोन हात धरून २५००. अर्धा जूल त्यात घालून बघा, वीस हजार व्होल्ट. म्हणजे त्या ऊर्जा पोटात घेत नाहीत, फक्त वाटप करतात. आणि स्वस्त डिस्कचा टॉलरन्स अधिक ८०, उणे २० टक्के असतो, त्यामुळे वाटपही धड होत नाही. 'डायोडवर आर-सी लागत नाही' आणि 'लागतंच' ही भांडणं जुनी आहेत, पण 'लागत नाही' म्हणणारे बहुधा कपॅसिटर-इनपुटबद्दल बोलत असतात. तिथे ते बरोबरच आहे.

माझा स्नबर मी सेकंडरीवरच लावेन, ब्रिजच्या आधी. स्पाइक जिथे जन्मतो तिथेच त्याला अडवलेला बरा, मध्ये डायोडची भानगड नको. तेच ०.०८ आणि एक किलोओहम. तिथे पूर्ण २००० व्होल्ट ५० हर्ट्झला ५० मिलिअँपिअर वाहतो, रेझिस्टरमध्ये अडीच वॅट. ब्रिजच्या पुढे लावला तर दोन वॅट. फरक फार नाही, पण चोकच्या बाजूने येणारं रिंगिंग सेकंडरीवरच्या स्नबरला थेट दिसत नाही हेही खरं.

पार्ट्स: ०.०८ मायक्रोफॅरड ५ केव्ही असा तयार कपॅसिटर शोधत बसू नका. इंडक्शन शेगडीच्या रिपेअरला जे ०.३३ मायक्रोफॅरड १२०० व्होल्टचे पॉलिप्रॉपिलिन लागतात ते लॅमिंग्टन रोडला कोणीही देईल. चार सिरीजमध्ये म्हणजे ०.०८ आणि ४८०० व्होल्ट. प्रत्येकाला समांतर २.२ मेगओहमचे दोन सिरीजमध्ये. रेझिस्टर एकच एक किलोओहम नको. चालू करायच्या क्षणी त्याच्यावर पूर्ण शिखर येऊ शकतं, म्हणून २७० ओहम ५ वॅटचे चार सिरीजमध्ये. चोर बाजारातले जुने ऑइल कपॅसिटर मोहात पाडतात, दिसतातही भक्कम. पण जुन्या ऑइल कपॅसिटरमध्ये पीसीबी नावाचं विषारी तेल असू शकतं, आणि गळका असेल तर घरात आणूच नका.

डायोड घेताना रिमार्क केलेला (खोटा नंबर छापलेला) माल येतो. १००० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन टेस्टरने) प्रत्येक डायोड उलटा तपासा. १एन४००७ ची डेटाशीटमधली गळती १००० व्होल्टला जास्तीत जास्त ५ मायक्रोअँपिअर, म्हणजे २०० मेगओहम. चांगला डायोड त्याच्या कितीतरी वर दाखवतो. एखादा पाच-दहा मेगओहमवर रेंगाळला तर तो बाजूला. बत्तीस लागणार असतील तर चाळीस घ्या.

मांडणीवर फारसं कोणी बोलत नाही. हायलमच्या (बेकलाइट लॅमिनेटच्या) शीटवर डायोडची ओळ लावायची जुनी सवय आहे, पण आपल्याकडच्या पावसाळ्यात हायलम दमट होतं, वर धूळ बसते आणि दोन हजार व्होल्टला कडेकडेने काळी रेघ पडते. ग्लास एपॉक्सी घ्या. प्रत्येक हाताच्या दोन टोकांत पृष्ठभागावरून २५ ते ३० मिमी अंतर ठेवा आणि शेजारच्या दोन हातांमध्ये बोर्डाला खाच पाडा. बोर्ड चासीच्या पत्र्यापासून किमान एक इंच वर. पत्रा जवळ असला तर प्रत्येक जोडापासून चासीला थोडं कपॅसिटन्स तयार होतं, आणि वेगवान स्पाइकमध्ये एसीच्या टोकाकडचा डायोड आपल्या वाट्यापेक्षा जास्त घेतो. सोल्डरची टोकं गोल ठेवा, काटे नकोत.

---

मुलुंड_८१३

आभार मंडळी. एमओव्ही स्विचच्या चुकीच्या बाजूला होता हे डोळ्यांसमोर असून दिसलं नव्हतं. ठरवलेलं असं: प्रायमरीवर २०डी४३१, हातात आठ १एन५४०८, ब्रिजच्या पुढे स्नबर, आठ कपॅसिटर, ५.६ किलोओहमचे सोळा रेझिस्टर, सॉफ्ट स्टार्ट.

चोकचा प्रश्न राहिला. गॅप उघडायची तर वार्निश केलेला गाभा सोडवावा लागेल. त्याऐवजी चोकला समांतर कपॅसिटर लावून रेझोनंट केला तर? एका अमेरिकन सर्किटात ३.५ हेन्रीला ०.५ मायक्रोफॅरड दिसला. आणि सगळं जोडल्यावर थेट २३० वर न जाता तपासायचं कसं?

---

जुना_ट्रान्समीटर

ते ३.५ आणि ०.५ चं जोडपं १२० हर्ट्झला जुळतं. आपल्याकडे रिपल १०० हर्ट्झचा, त्यामुळे त्याच चोकला १.४४ पट कपॅसिटर लागेल, ०.७२. तुमच्या १० हेन्रीला ०.२५ मायक्रोफॅरड: एक मायक्रोफॅरड १२०० व्होल्टचे चार सिरीजमध्ये. रेझोनन्समुळे १०० हर्ट्झला चोक खूप मोठा भासतो आणि ८० मिलिअँपिअरच्या ब्लीडरवर भागण्याची शक्यता वाढते.

पण डायोडच्या बाजूने बघा. चोकला वळसा घालणारी वाट तुम्ही तयार करताय. झिरो क्रॉसिंगच्या पायरीला जे वरचे हार्मोनिक असतात ते ०.२५ मधून सरळ फिल्टर कपॅसिटरमध्ये जातात आणि डायोडमधून करंटची टोकं निघतात. म्हणून त्या कपॅसिटरच्या सिरीजमध्ये १०० ओहम १० वॅट घाला. रेझोनन्स थोडा बोथट होतो, चालतं. दुसरं, चोकचं इंडक्टन्स करंटबरोबर बदलतं, त्यामुळे जुळणी फक्त एका करंटला होते. ती स्टँडबायच्या करंटला करा, पूर्ण लोडला नको. लोडला गरजच नसते. स्नबर तरीही हवाच, रेझोनंट कपॅसिटर त्याचं काम करत नाही.

तपासणी डिमरस्टॅटवर (व्होल्टेज कमी-जास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर). आधी फक्त ट्रान्सफॉर्मर: प्रायमरीला १० व्होल्ट द्या, सेकंडरीला साध्या मीटरने ८७ दिसले पाहिजेत. यावरून खरं प्रमाण मिळतं आणि नंतर दोन हजार व्होल्ट एसी मोजायची वेळ येत नाही.

मग सगळं जोडून, ८१३ काढून, फक्त ब्लीडरवर. डिमरस्टॅट ६० व्होल्टवर. डीसी मोजताना मायनसकडच्या सगळ्यात खालच्या एका कपॅसिटरवर मोजा आणि आठने गुणा. ब्लीडरचे रेझिस्टर सारखे असल्याने वाटप सारखं असतं. सेकंडरीचं एसी प्रमाणावरून काढा आणि डीसीला त्याने भागा. ०.९ च्या आसपास आलं तर चोक काम करतोय. १.१, १.२ दिसलं तर ब्लीडर किंवा चोक कमी पडतोय, आणि हे कळायला २३० वर जायची गरज नाही, कारण किमान करंटचा हिशेब व्होल्टेजवर नाही, लोडच्या ओहमवर आहे. फक्त २०-३० व्होल्टवर हे माप घेऊ नका, इतक्या कमी फ्लक्सला लोखंडाचं इंडक्टन्स खरंच कमी भरतं आणि उगाच घाबरायला होतं. ६०, १२०, १८० असे तीन टप्पे घ्या. रेझोनंट कपॅसिटर जुळवायचा असेल तर तोही याच वेळी, ०.२ ते ०.३ मध्ये बदलून, डीसी सगळ्यात कमी येईल तिथे थांबायचं. दर बदलाआधी प्लग काढा, पाच सेकंद थांबा, मग इन्सुलेटेड काठीने बँक शॉर्ट करा. नवा ब्लीडर ०.६ सेकंदांच्या टाइम कॉन्स्टंटने बँक रिकामी करतो, पण त्यावर विसंबून हात घालायचा नाही. रेझिस्टरची तार तुटली असेल तर कपॅसिटर भरलेलाच असतो.

शेवटी पूर्ण २३० वर, स्टँडबायमध्ये, मेन स्विच दहा-बारा वेळा बंद-चालू. दोन वेळांमध्ये अर्धा मिनिट जाऊ द्या म्हणजे सॉफ्ट स्टार्टचा रेझिस्टर निवतो. मग प्लग काढून, बँक शॉर्ट करून, प्रत्येक डायोड सुटा न करता मीटरच्या डायोड रेंजवर उलटा-सुलटा बघा. सुलटा ०.५ ते ०.६ दाखवतो, शॉर्ट झालेला दोन्हीकडून शून्य. आठातला एक शॉर्ट झाला तरी सप्लाय नेहमीसारखा चालतो, मीटरवर काही दिसत नाही. ही पाहणी म्हणूनच दर काही महिन्यांनी करायची, आणि पावसाळा संपल्यावर बोर्ड आयसोप्रॉपिलने पुसताना तर नक्की.

---

लॅमिंग्टन_फेरी

चटणीएवढासुद्धा नाही म्हणालात तो एमओव्ही मीही चुकीच्याच बाजूला लावत आलोय. डिस्क आणि ४७० किलोओहमचं मागे घेतो. एकच भर: प्रायमरीवरचा एमओव्ही उघडा सोडू नका, त्याच्यावर फायबरग्लासची स्लीव्ह चढवा. फुटला तर राख आणि तुकडे शेजारच्या रिलेच्या संपर्कांवर उडतात.